बोटभर टेप

‘ती द्या, मेलेली परत येते ती’

नाव कुणी घेत नाही. कॅसेटच्या डबीवर नाव आहे, भिंतीवरच्या पोस्टरवर हातभर अक्षरात नाव आहे. तरी घाटनांदुरात त्या पिक्चरला सगळे ‘मेलेली’ म्हणतात. मेलेली आली का? मेलेली कुणाकडं हाय?

माझ्यासमोर आले की मात्र अडखळतात. माझ्या कपाळावर विभूती असते, कुंकू नसतं. दुकानाच्या पाटीवर माझ्या नवऱ्याचं नाव आहे, श्रीशैल व्हिडिओ सेंटर. तो वारला त्याला दीड वर्ष झालं. म्हणून बायका आधी दुसरंच काही विचारतात.

‘नीलम्मा, कॉमेडी हाय का गं एखादी?’

‘हाय की.’

‘जुनी असंल.’

‘जुनीच हाय.’

‘मग ऱ्हाऊ दे.’ इकडे बघायचं, तिकडे बघायचं. ‘ती हाय का, ती?’

‘मेलेली?’

‘हां. तीच दे.’

मी देते. मला काही वाटत नाही. मला काही वाटत असेल असं लोकांना वाटतं, आणि त्यांचं ते वाटणं मला सांभाळावं लागतं.

‘धबधब्यापाशी लावून ठेवा, वैनी’

परत आलेली कॅसेट मी आधी खिडकीतून बघते. कॅसेटच्या काळ्या अंगाला दोन पारदर्शक खिडक्या असतात. डावीकडे बघायची राहिलेली टेप, उजवीकडे बघून झालेली. कोण कुठं थांबलं ते त्यावरून कळतं. मागं गुंडाळून कुणी आणत नाही, ते काम माझं. त्यासाठी लाल मोटारीच्या आकाराचं एक यंत्र आहे. मोटारीचं टप उघडायचं, कॅसेट घालायची, टप दाबायचं. सूं करून टेप मागं येते. तेवढा वेळ मी भिंतीकडे बघते.

कॉलेजची पोरं धबधब्याच्या गाण्यापाशी थांबतात. तिथली टेप इतकी घासलीय की हिरॉइनच्या अंगावरून पांढऱ्या रेघा सरकतात.

‘वैनी, तिथं पाऊस हाय का टेप खराब हाय?’ एकानं विचारलं.

‘तुमीच पाडलाय तो,’ मी म्हणाले.

तीन घरं पलीकडच्या विमलबाईंची कॅसेट ‘समाप्त’वर थांबलेली असते, त्याच्या पुढं नाही, मागं नाही. आणि विमलबाईंच्या भावाची दर वेळी एकाच जागी. डावीकडे बोटभर टेप शिल्लक.

हा भाऊ म्हणजे केदारनाथ. आमचं घाटनांदूर, त्याचं नांदूरघाट; तिथं त्याचं भांड्यांचं दुकान आहे. आमच्या बाजाराच्या दिवशी मेटॅडोरमध्ये भांडी घालून येतो, संध्याकाळी बहिणीकडे जेवतो, जाताना कॅसेट नेतो, पुढच्या बाजाराला परत आणतो. नेतो ती एकच. त्याची बायको शिवांजली काविळीनं गेली. घरात व्हीसीपी आहे तो तिच्याच लग्नातला.

‘तू बी ये की बघायला’

विमलबाईंनी एकदा ओढून नेलं. दुपार होती. खोलीत दहाबारा बायका, खिडकीला चादर लावलेली, भाजके शेंगदाणे फिरत होते.

गोष्ट अशी. बायकोची गाडी घाटात कोसळते. तेराव्याला ती परत येते. फक्त नवऱ्याला दिसते. त्याच्यासाठी चहा करते, कप हवेतून चालत येतो. त्याचं दुसरं लग्न जमवायला आलेल्या आत्याच्या पदराला गाठी मारते. गाणी म्हणते. मग तिची जायची वेळ होते. दारात पांढरा उजेड पडतो. ती उंबऱ्यावर उभी राहून मागं वळते, बरंच बोलते, आणि जाते.

‘मेल्यावर दिसती म्हणं,’ विमलबाई डोळे पुसत म्हणाल्या. ‘माझं तर जितं माणूस आठ-आठ दिस दिसंना.’

‘तुमी मरून बघा, विमलबाई. मग येतील घरी येळंवर.’

‘गप गं! ती बोलायलीय, ऐकू दे.’

सगळ्या रडत होत्या. रडता रडता एकेक जण माझ्याकडे बघून घेत होती.

‘रड गं बाई. मोकळी हो.’

‘येत न्हाई.’

‘लई आत गेलंय तिच्या,’ मागून कुणीतरी म्हणालं.

मी आत बघितलं. आत काही नव्हतं. दुकानाचं शटर लावलं की आत जसं असतं तसं.

(इथं कुणी काही मागितलं नाही)

पिक्चरमधले मेलेले चालत येतात. पायाखाली धूर असतो. विमलबाईंकडे ते बघताना माझ्या मनात एवढंच आलं, की श्रीशैलला आधी उठावं लागेल.

आमच्यात, लिंगायतांत, माणूस पुरताना आडवा ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात. डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात, मग विभूती, मग माती. श्रीशैलला बसवायला जड गेलं. लुनावरून येताना उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला होता, ट्रॉलीला दिवा नव्हता. उजवा पाय दुमडेना. शेवटी आप्पा, माझे सासरे, स्वतः खड्ड्यात उतरले आणि त्यांनी मुलाचा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला. मग बसला.

मातीला आलेले स्वामी म्हणाले, शिवात मिळाला. आता येणं नाही, जाणं नाही. आमच्यात पिंड नाही, कावळा नाही, कुणाची वाट बघायची नाही. मला तेव्हा ते बरं वाटलं होतं.

तर तो यायचा म्हटला तर कसा येणार? बसल्या बसल्या? स्वयंपाकघरात पाटावर मांडी घालून दिसेल, ताटाची वाट बघत? विमलबाईंकडून घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पाट भिंतीला टेकवलेला होता. मी तो खाली मांडला. थोडा वेळ थांबले. मग उचलून परत भिंतीला लावला आणि पीठ चाळायला घेतलं.

‘केबल आली, आता कोण येतंय’

हे आप्पांचं वाक्य. भीमाशंकरआप्पा सकाळी विभूती लावून गल्ल्यावर बसत आणि रस्त्याकडे बघत हे म्हणत.

‘केबलवाल्या म्हाळूनं खांबाखांबावरून वायरी वढल्यात. वरीसभर चालंल आपलं, लई झालं. मग एसटीडीचं बूथ टाकावं म्हणतो.’

‘मी देईन की फोन लावून लोकांना.’

‘नीलम्मा.’

‘जी.’

‘विमलबाई येऊन गेल्या. भावासाठी. तुझ्या वडलांस्नी बी मी निरोप धाडला. माणूस चांगला हाय, सुपारीसुदीक खात न्हाई.’ त्यांनी चष्मा काढला. ‘तू हो म्हणलीस तर. न्हाई तर न्हाई. तू मला जड झालीस म्हणून मी काय...’

वाक्य तिथंच सोडून ते चष्मा पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत होते.

मला हो म्हणायला हरकत नव्हती. नाही म्हणायलाही नव्हती. दीड वर्षात कशालाच नव्हती. भाजी कुठली करू, मेथी की दोडका, तर कुठलीही. फक्त इथं एक गोष्ट आडवी येत होती. डावीकडे राहिलेली बोटभर टेप. मला ज्या घरात जायचं होतं, त्या घरातून आधीची बाई अजून गेलीच नव्हती. एक माणूस दर आठवड्याला तिला उंबऱ्यापर्यंत आणत होता आणि तिथंच थांबवत होता.

‘ही परत आणलीय’

बाजाराचा दिवस. दुकानासमोर केदारनाथचा मेटॅडोर, पितळी आणि स्टीलची भांडी उन्हात. त्यानं कॅसेट काउंटरवर ठेवली. मी उचलून बघितली. बोटभर.

‘एक विचारू का?’ मी म्हणाले.

‘विचारा की.’

‘शेवट कावून बघत न्हाई तुमी?’

त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग कॅसेटकडे. ‘तुमाला कसं कळलं?’

‘टेप दिसती ना.’

चोरी धरल्यासारखा त्याचा चेहरा झाला. मग म्हणाला, ‘ती दारात येऊन हुबी ऱ्हाती. आता बोलणार अन् जाणार. त्याच्या आदी मी बटन दाबतो. टीव्हीवर मुंग्या येत्यात. मग जेवून घेतो.’

‘मग ती?’

‘कोण?’

‘दारातली.’

‘ती ऱ्हाती तिथंच.’

‘आठवडाभर?’

‘दोन वर्सं,’ तो म्हणाला.

मी चिडले नव्हते. मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. ‘मग मी कुठून यायचं आत?’

बाहेर एक म्हातारी डबा वाजवत ओरडत होती, ‘ओ भांडीवाले, ह्याचं झाकण बसंना की! का माझ्याच नशिबाला वाकडं आलंय?’ तो हलला नाही. म्हातारीनं डबा आणखी जोरात वाजवला.

‘ती कॅसेट द्या माघारी,’ तो म्हणाला.

‘आत्ताच तर आणली.’

‘द्या.’

‘ही घ्या’

पुढच्या बाजाराला कॅसेट आली. मी खिडकीतून बघितलं. टेप सगळी डावीकडे होती. उजवीकडे काहीच नाही. मागं गुंडाळून आणली होती, पार सुरुवातीला.

दुकान उघडल्यापासून असं कुणी केलं नव्हतं. मी ती हातात धरून उभी राहिले. शेवट बघून गुंडाळली, की बोटभर ठेवूनच गुंडाळली, आता ते कळायला मार्ग नव्हता.

‘गुंडाळली कावून?’

‘तुमाला तरास नको म्हणून.’

‘माझं कामच हाय ते.’

‘चुकलं का?’

‘न्हाई. बघितली का?’

‘बघितली.’

‘काय झालं?’

‘जाती ती.’

‘तुमी रडलात?’

‘रडलो. टीव्ही बंद करायचं बी सुधरलं न्हाई. समाप्त आलं. मग मुंग्या आल्या. मग...’

‘मग काय?’

‘मग लग्न आलं.’

‘कुणाचं?’

‘काय ठावं! कुणाच्या तरी लग्नाची शूटिंग. त्याच टेपवर वरून पिक्चर भरलाय वाटतं.’

असं होतं. कमी भावातल्या कॅसेटा वापरलेल्या टेपवर भरतात. पण हिच्यात पुढं काही आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण समाप्तच्या पुढं कुणी चालूच ठेवली नव्हती.

‘पंगत चाललीती,’ तो म्हणाला. ‘एक म्हातारा वरण मागत व्हता. भाताचं आळं करून ठेवलं त्यानं, मधी खड्डा. हात वर केलेला. वाढपी म्होरून जायाचे, मागून जायाचे, ह्याच्याकडं कुणी बघंना.’

‘शूटिंगवाल्यानं तरी सांगायचं.’

‘मी बी तेच म्हणलं! हे बेणं कॅमेरा धरून हुबं, म्हाताऱ्याचं तोंड दाखवतंय, पण वाढप्याला हाक मारंना.’

‘मग?’

‘आता वाढतील, मग वाढतील म्हणून बसलो. जेवाण बी तसंच ऱ्हायलं माझं.’

‘वाढलं का?’

‘टेप संपली.’

त्याच्या कपाळावर आठ्या होत्या. त्या म्हाताऱ्यासाठी होत्या. मागं दारात कुणी उभं असल्यासारखा तो आज बोलत नव्हता. मला वाटलं, हे रचून सांगता येणार नाही. मग वाटलं, येतही असेल. कॅसेट पुढं पळवून मला पाच मिनिटांत बघता आलं असतं. व्हीसीआर मागच्या फळीवर होता, लाइटही होती.

मी कॅसेट डबीत घातली आणि डबी तिच्या जागी ठेवली.

तो भांड्यांकडे गेला. आप्पा आतल्या खोलीच्या दारात उभे होते. किती वेळ होते कोण जाणे.

‘काय सांगू विमलबाईला?’

‘हो सांगा.’

‘नीट इचार केलास?’

‘केला.’ मी काउंटर पुसत होते. ‘पण मला रडायला येत न्हाई, आप्पा. कशानंच काही होत न्हाई मला. पुढं होईल का न्हाई ते बी ठावं न्हाई. हे त्यास्नी आदी सांगा.’

‘सोयरिकीत असं कुणी सांगतं का, बाळ?’

‘सांगा.’

आप्पांनी टोपी घातली, चपला पायात सरकवल्या आणि बाजारातून वाट काढत विमलबाईंच्या घराकडे निघाले.