डाव्या अंगावर कललेले विमान

“गुरुजी, हे विमान रोज डाव्या अंगावरच काऊन कलते?”

मित्रांनो, हा प्रश्न सातवीतल्या विमलने विचारला. तिच्या मनाने नव्हे हं! सरवरी आणि आशा या तिच्या मैत्रिणींनी तिला डिवचले होते, “विचारून दाखव, नाही तं आजपासून तू भित्री.” विमल ताडकन उठली आणि विचारून मोकळी झाली. पंजाबराव गुरुजी म्हणाले, “विमानं वळताना कलतात. बस खाली.” सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मी वर आढ्याला टांगलेले होते. खरे उत्तर मला ठाऊक होते, पण लाकडाला कोण विचारतो?

मी एक जुने लाकडी विमान आहे. तसे माझे वय दोनच वर्षांचे. पण दोन वर्षे एका दोऱ्याला लटकून पाहा, म्हणजे मी स्वतःला जुने का म्हणते ते कळेल.

इंग्रज सरकारची जपानशी लढाई सुरू झाली आणि धामणगावच्या मुलांनीही आभाळातली विमाने ओळखायला शिकावे, असे गुरुजींच्या मनात आले. त्यांनी बुलढाण्याहून एक कागद आणला. त्यावर मापांच्या आकड्यांसह माझी तीन चित्रे होती, वरून, समोरून आणि बाजूने. कागदावरचा एक इंच म्हणजे खऱ्या विमानाचे दोन फूट. तो कागद त्यांनी मेहबूब मिस्त्रींना दिला. मिस्त्री बैलगाड्या आणि तिफणी घडवणारे. विमान त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. तरी बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, उरलेल्या सागवानातून त्यांनी मला असे काही कोरले की, माझी मलाच ऐट वाटू लागली.

चूक झाली ती घाईत. पंखाचे चित्र दुसऱ्या कागदावर गिरवायचे, ते खळीने लाकडावर चिकटवायचे आणि त्या रेषेवर कापायचे, अशी त्यांची रीत. उजवा पंख त्यांनी कागद वाळल्यावर कापला. डाव्या पंखाच्या वेळी गुरुजी दारात येऊन उभे राहिले. ओला कागद ताणला जातो, मित्रांनो. त्या ओल्या कागदावरून डावा पंख सूतभर लांब कापला गेला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

“गुरुजी, एक दिवस द्या. सूतभर वाढलं,” मिस्त्री म्हणाले.

“मोजायला कोण येतो? रंग लावा.”

मला काळा रंग लावला. काळाच का? तर आभाळात रंग दिसत नाही, आकार तेवढा दिसतो. माझ्याशेजारी मिस्त्रींनीच घडवलेले एक जपानी विमानही टांगले गेले. त्याचे पंख अगदी सारखे, म्हणून ते सरळ राहायचे. मी मात्र त्या सूतभर जास्त वजनाने पहिल्या दिवसापासून डावीकडे कलंडलेले.

मग सुरू झाली माझी नोकरी. गुरुजी छडी वर करून विचारायचे, “कोणाचं?” वर्ग ओरडायचा, “सरकारचं!” छडी शेजारी जायची. “जपानी!” आठवड्यातून तीनदा हेच. सर्वांत आधी आवाज विमलचा. तिचा निवृत्तीदादा हवाई फौजेत होता, तिकडे बंगालात खऱ्या विमानांची चाके पुसायचा. म्हणून विमलला मी घरचेच वाटायचे. विमाने ओळखण्याच्या परीक्षेत तिने पहिला नंबर काढला तेव्हा टाळ्या पडल्या. माझ्या शेपटीवर चिमण्यांनी काड्या आणून ठेवल्या होत्या. मला इतका थकवा आला होता की, त्या झटकायचीही इच्छा उरली नव्हती.

आणि गेल्या सोमवारी मुलांची ही ओळख तपासायला बुलढाण्याहून एक पाहुणे आले. त्यांनी मला दोऱ्यावरून सोडवले, दारातल्या उजेडात अगदी सरळ धरले आणि विचारले, “कोणाचं?”

“जपानी!” विमल ओरडली. तिच्यामागे सगळा वर्ग.

पाहुण्यांनी दुसरे विमान घेतले आणि ते थोडे डावीकडे कलते केले.

“सरकारचं!”

पाहुण्यांनी मला टेबलावर ठेवले. “गुरुजी, यांना विमान ओळखता येत नाही. यांना दोऱ्यावरचा कल ओळखता येतो. आज यांनी आपलंच माणूस पाडलं असतं.”

वर्गात कोणी हसले नाही. विमल खाली मान घालून बसली.

गुरुजींचा चेहरा उतरला. मी कपाटावर फेकले गेले. तीन दिवस धुळीत पडून होते. चौथ्या दिवशी गुरुजी कडूबा शिपायाला म्हणाले, “हे चुलीत घाल.” खरे सांगू? मला वाईटसुद्धा वाटले नाही. वाटले, सुटले एकदाचे.

पण चुलीजवळ विमल उभी होती. “कडूबाकाका, मले द्या ना.”

“घेऊन जाय वं पोरी. मले काय, दुसरं लाकूड भेटीन.”

ती मला घेऊन थेट मेहबूब मिस्त्रींकडे गेली. मिस्त्रींनी दोरीने दोन्ही पंख मोजले. सूतभर. ते हळूच म्हणाले, “हे मले पयल्या दिवशीच माहीत होतं, बेटी. पंख नवा करतो. पण कागदावरचे आकडे वाचाले कोणी पाह्यजे. मले वाचता येत नाही, म्हणून तं मी चित्र चिकटवत होतो.”

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी. आम्हा मुक्या वस्तूंना घाईत घडवू नका. आणि आम्ही वाकडे वागलो तर हसण्याआधी एकदा हातात घेऊन मोजा.

संध्याकाळी विमलने मला घरी नेले. तिचे वडील हिंमतराव आणि आई सत्यभामाबाई जेवायला बसले होते. भाकरीच्या टोपल्याशेजारी तिने मला ठेवले.

“हे लाकूड काऊन आणलं वं?” आईने विचारले.

विमलने मिस्त्रींचे सगळे सांगितले, आणि आकडे वाचायला आपण त्यांच्या दुकानात जाणार हेही. वडिलांचा घास हातातच राहिला. “सुताराच्या दुकानात पोरगी बसंन? लोक काय म्हणतीन?”

“बाबा, दादा ज्याचे चाकं पुसते, त्याले मी जपानी म्हटलं. सर्वात आधी, सर्वात मोठ्यानं. उद्या वर्गात उभी राहून सांगीन, का माझा पयला नंबर खोटा होता. आन शाळा सुटली का रोज मिस्त्रीचाचाच्या दुकानात बसीन, दोन्ही पंख सारखे होईपर्यंत. आकडे मी वाचीन, कापतीन ते. आई, बाबा, मी विचारून नाही राह्यली. सांगून राह्यली.”