तेरा नंबरची केबल

आप्पा मिस्त्रींना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण बसच्या वर्कशॉपचं फाटक दिसलं की त्यांचे पाय आपोआप आत वळायचे. त्यांच्या जागी आता त्यांची लेक इलेक्ट्रिशियन होती. सगळे तिला ताई म्हणायचे. आप्पांच्या तोंडी मात्र अजून ‘छकुली’च होतं, आणि चारचौघांत तशी हाक मारली की ती हातात पाना घेऊन अशी बघायची, की आप्पांना एकदम खोकला यायचा.

त्या सकाळी तेरा नंबरच्या बसमध्ये नव्या बॅटऱ्या बसवायच्या होत्या. बस दहाला सुटणार होती. आप्पा कौतुकानं वाकून बघायला गेले.

“आप्पा, आधी घड्याळ काढा. अंगठीही.”

“मला शिकवतेस? तुझ्या जन्माआधीपासून हेच करत आलोय मी.”

“काढा, नाहीतर त्या बाकावर जाऊन बसा.”

आप्पांनी धुसफुसत दोन्ही काढून खिशात टाकली.

ताईनं मेन स्विच बंद केला आणि त्याची चावी स्वतःजवळ ठेवली. जुन्या बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडली, मग पॉझिटिव्ह. घाई नाही की गडबड नाही. हात अगदी आपल्या वळणावर गेलाय, असं वाटून आप्पा मनातल्या मनात सुखावले. पण मग तिनं असं काही केलं, जे त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं. ती टॉर्च घेऊन बसखाली सरपटत गेली आणि बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची सगळी केबल तिनं बोटांनी चाचपून काढली.

“बॅटरी बदलायचीय, का बसची नाडी बघतेस?” आप्पांनी विचारलं.

ती बाहेर आली ती गंभीर चेहऱ्यानं, आणि तिनं सुपरवायझरला बोलावून घेतलं.

“साहेब, ही बस आज जाणार नाही. केबल चासीच्या भोकातून नेलीय, पण भोकात रबर नाही. लोखंडाच्या कडेनं घासून आतलं तांबं उघडं पडलंय. या केबलला फ्यूज नसतो. एकदा का ती चासीला टेकली, तर ठिणगी उडून आग लागेल, मध्ये अडवणारं काही नाही. डिझेलची टाकी तिथून हातभर लांब आहे.”

“अहो, स्टँडवर माणसं खोळंबलीत,” सुपरवायझर म्हणाला. “इतकी वर्षं चाललं ना? आणि ही केबल कुणी टाकलीय माहितीय? तुमच्या वडिलांनी. आप्पा, तुम्हीच सांगा हिला. चिकटपट्टी गुंडाळली तर एक फेरी निघेल ना?”

ताईला हे माहीत नव्हतं. तिनं वडिलांकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

आप्पांचा हात लागला की पुन्हा बघायला नको, असा त्यांचा लौकिक होता. आयुष्यभराची कमाई म्हणावी तर तेवढीच. गुडघा धरत ते खाली बसले, टॉर्च मारून त्यांनी नीट पाहिलं, आणि त्यांना तो दिवस आठवला. स्टोअरमध्ये रबर संपलं होतं. उद्या घालू, असं ते म्हणाले होते. तो उद्या काही उजाडला नव्हता.

“काम माझंच आहे,” ते उठत म्हणाले, “आणि ते चुकलंय. चिकटपट्टी-बिकटपट्टी काही नको. ताई सांगतात तसं करा.”

‘ताई’ ऐकून ताईच चपापली. सुपरवायझरनं डोकं खाजवलं आणि दुसरी बस मागवायला फोन लावला.

मग ताईनं नवी केबल ओढली. ताण पडू नये म्हणून थोडी सैल ठेवली. भोकात रबर घातलं, केबलवर जाड नळी चढवली, जागोजागी क्लॅम्प आवळले. बॅटऱ्या पट्टीनं अशा जखडल्या की आप्पांनी दोन्ही हातांनी हलवूनही हलेनात. पॉझिटिव्ह जोडून तिच्यावर टोपी बसवली, आणि निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. टॉर्च आप्पांनी धरला होता. ती “जरा डावीकडे” म्हणाली की ते मुकाट्यानं डावीकडे सरकत होते. किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडायच्या आत आप्पा हजर होते. त्यांनी ताईच्या हातात एक कागद ठेवला. त्यावर सात बसचे नंबर होते.

“या सगळ्या माझ्या हातच्या. रबर घातलं होतं की नाही, आठवत नाही. आधी या बघ.”

ताईनं सातही बस थांबवल्या. त्यातल्या दोन बसच्या केबल घासलेल्या निघाल्या.

पुढे कितीतरी दिवस आप्पा ही हकीकत भेटेल त्याला सांगत राहिले. न्हाव्याला सांगितली, शेजाऱ्याला सांगितली, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितली.

“पण चूक होती कुणाची?” त्या माणसानं विचारलं.

“माझी,” आप्पा ताठ बसत म्हणाले. “आणि पकडली माझ्या लेकीनं.”