सोळातले दोन उंदीर

केदारखेड्याची शिवकन्या पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत रेशमाची पट्टी बनवते. शुगरवाल्याची जखम भरत नाही, कारण जंतूंशी लढायला आलेल्या पेशी लढतच बसतात, डागडुजीकडे वळत नाहीत. ही पट्टी त्यांना शांत करून कामाला लावते. निदान उंदरांमध्ये तरी.

तिचे वडील तातेराव तुती लावून रेशमाच्या अळ्या पाळतात. प्रयोगाचे कोष त्यांच्याकडूनच जायचे. श्रावणात ती कोष न्यायला आली, तेव्हा आईच्या टाचेला चार महिन्यांची जखम होती. फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. आईनं, दैवशालाबाईंनी, हळद लावून वरून मोजा घातला होता.

"तुझी ती पट्टी लाव," आई म्हणाली.

"माणसाला लावायची परवानगी न्हाई अजून."

"उंदराला लावली न्हवं?"

"सोळा उंदरांना. चौदा बरे झाले."

"अन् दोन?"

"त्यांची जखम चिघळली. का, ते कळलं न्हाई."

"मी चौदातली हाये."

"त्या दोघांनाबी तसंच वाटलं असंल, आई."

आईनं पाय ओढून घेतला. "गावभर सांगून राह्यले, लेक औषध काढती. अन् लेक उंदराला देती, आईला न्हाई."

वडिलांना दाखवायला आणलेल्या दोन पट्ट्या शिवकन्याच्या बॅगेत होत्या. दुपारी आई झोपल्यावर तिनं एक काढून टाचेजवळ धरली. माप बरोबर होतं. मग तिनं दोन्ही पट्ट्या चुलीत घातल्या आणि प्रयोगशाळेत फोन करून तीन आठवड्यांची सुट्टी मागितली.

दिवसाआड दोघी एसटीनं जालन्याच्या दवाखान्यात जायच्या. डॉक्टरांनी सडलेली कातडी काढली, इन्सुलिन सुरू केलं, टाचेवर भार येणार नाही अशी चप्पल दिली. आई लेकीशी बोलत नव्हती. शेजारी बसून कंडक्टरला म्हणायची, "हिला सांगा, खिडकी लाव."

सुट्टी संपल्यावर आईला तातेराव नेऊ लागले. पुण्यात शिवकन्यानं त्या दोन उंदरांची जखम का चिघळली याचा छडा लावला. त्यांच्या पट्ट्यांतल्या रेशमावर कोषाचा डिंक राहिला होता. शरीरानं त्याला परकं समजून हल्ला केला होता.

"माझ्या कोषात दोष हाये का?" तातेरावांनी फोनवर विचारलं.

"न्हाई बाबा. आम्ही कमी उकळले, डिंक निघाला न्हाई."

"मंग मला इचारायचं होतं."

दिवाळीनंतर जखम भरली. दैवशालाबाईंनी ते लेकीला कळवलं नाही. पण शेजारच्या शालूच्या नवऱ्याचा अंगठा काळा पडला, तेव्हा शालू पट्टीसाठी शिवकन्याचा नंबर मागायला आली.

"तिला इचारू नको, ती देत न्हाई," दैवशालाबाई म्हणाल्या. "उद्या सकाळच्या एसटीनं जालन्याला चला. मी येते संगं."