बसा, आलोच

दवाखान्यातला नोंदणीचा कॉम्प्युटर सकाळी चालू केला की आधी पडद्यावर एक ओळ उमटायची: ‘बसा, आलोच.’ मग नोंदी उघडायच्या, मग प्रिंटर जागा व्हायचा, एकामागून एक, पाळी येईल तसं. ही सगळी क्रमवारी इथले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या दादाने स्वतः लिहिली होती, आणि ती ओळ खास नोंदणीच्या खिडकीत बसणाऱ्या आपल्या बायकोसाठी. घरीसुद्धा हा बाबा ‘आलोच’ म्हणायचा आणि तासाभराने उगवायचा. दादा जाऊन वर्ष झालं. ओळ मात्र रोज यायची, आणि ती वाचल्याशिवाय वहिनी कामाला हात लावत नसे.

दादाच्या खुर्चीवर आता धाकटा भाऊ बसायचा. दवाखान्याच्या साहेबांनी फर्मावलं, जुनं गुंडाळा. नव्या पद्धतीत सगळं एकाच कारभारी प्रोग्रामच्या ताब्यात: कोणी कोणासाठी थांबायचं ते तोच बघतो, आणि एखादं काम मध्येच बंद पडलं तर लगेच पुन्हा उठवतो. धाकटा अडला तो त्या ओळीपाशी. कामाच्या हिशेबाने ती बिनकामाची, पण वहिनीकडून एवढंही काढून घ्यायचं कोणत्या तोंडाने? त्याने त्या ओळीचंही एक काम बनवलं, आणि बंद पडलं की उठवायचा नियम इतरांसारखा तिलाही लावून टाकला.

घोळ झाला तो तिथेच. ओळ दाखवली की ते काम संपायचं. कारभाऱ्याला वाटायचं, मेलं, आणि तो पुन्हा उठवायचा. बसा, आलोच. बसा, आलोच. पडदा भरून गेला. खिडकीपुढे पेशंट ताटकळले.

वहिनी आत आली. चिडली असती तर बरं झालं असतं.

“भाऊजी, थांबवा ते,” ती म्हणाली. “गेलेल्या माणसाला किती वेळा उठवायचं?”

त्याने मान खाली घालून ते बंद केलं. ओळ काढूनच टाकू का, असं चाचरत विचारलं. ती म्हणाली, एकदा येऊ द्या, रोज एकदाच.

कारभाऱ्याकडे त्याचीही सोय निघाली. काम एकदाच चालतं, संपतं, आणि तरी चालू कामांतच धरलं जातं. धाकट्याने तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ओळ आली. वहिनीने ती वाचली आणि पुढच्या म्हाताऱ्याला नाव विचारलं. आत धाकट्याने दादाच्या कामाची स्थिती तपासली. संपलं होतं, आणि चालू होतं. वर्षभर न रडलेला तो तिथेच टेबलावर डोकं टेकून रडला.