घाट चढणारे घोडे

बळवंतरावांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून देवासची त्यांची एकुलती एक मालवाहू गाडी सध्या त्यांच्या पत्नी सुमंगलाबाई चालवत होत्या. मोठ्या गाडीचं लायसन त्यांनी हौसेनं काढून ठेवलं होतं. ती हौस अशी उपयोगी पडेल, असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं.

धामनोदला माल उतरला आणि नेहमीचं दुखणं सुरू झालं. परतीचं भाडं मिळेना. ज्यांच्या दहा-दहा गाड्या, त्यांना आधी माल मिळतो. एका गाडीच्या मालकानं ढाब्यावर चहा पीत बसायचं, नाहीतर पदरचं डिझेल जाळत रिकामं घरी जायचं.

"भिया, एक माल है," ट्रान्सपोर्टवाला बळवंतरावांना म्हणाला, "पर कोई उठा नहीं रहा. झूले के घोड़े हैं, लकड़ी के. आज ही धार के मेले में पहुँचाने हैं."

"कोण उचलणार ते? एकावर एक रचता येत नाहीत," बळवंतराव पुटपुटले.

"आपण उचलू," सुमंगलाबाई म्हणाल्या. "उभेच नेऊ."

मग गोल फिरणाऱ्या झुल्याचे ते रंगीत घोडे गाडीत ओळीनं उभे राहिले, दोरांनी बांधले गेले. त्यांच्या मालकीण जमुनाबाई सत्तरीच्या, किरकोळ अंगाच्या. त्या केबिनमध्ये दोघांच्या मधे बसल्या आणि गुजरी गाव येईपर्यंत वळून वळून मागे घोड्यांकडे पाहत राहिल्या.

घाट लागला. तिसऱ्या वळणावर गाडी एका खड्ड्यात आदळली आणि मागून एकदम बाजा सुरू झाला. पाठोपाठ जमुनाबाईंचाच आवाज कर्ण्यातून घुमला, "आइए, आइए, बैठिए, घोड़े पे बैठिए!"

"अगं, थांबव गाडी," बळवंतराव म्हणाले.

"चढावर? मग परत हलणार कशी?"

"बॅटरीवरचा कर्णा आहे, माझाच आवाज भरलाय त्यात," जमुनाबाई शांतपणे म्हणाल्या. "बटण दबलं असेल."

गाडी बैलगाडीच्या चालीनं चढत राहिली. पुढचा ट्रक तालावर हॉर्न देऊ लागला, मागचाही देऊ लागला. मोटरसायकलवाले कर्ण्याला ओरडून उत्तरं देत होते. सुमंगलाबाईंना हसू फुटलं ते आवरेना. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं तेव्हा बळवंतरावांनी डाव्या हातानं आपल्या उपरण्याचं टोक त्यांच्या डोळ्यांना लावलं आणि मग स्वतःच इतके हसले, की प्लास्टर डॅशबोर्डवर आपटलं. मधे बसलेल्या जमुनाबाई कर्ण्याबरोबर स्वतःच "आइए, आइए" म्हणू लागल्या.

धारला पोचले तेव्हा मागे दहा-बारा गाड्यांची वरात होती, आणि मेळ्यातली माणसं पाहुणे आल्यासारखी धावत पुढे आली. एकाही घोड्याचा कान मोडला नव्हता.

झुला उभा राहिल्यावर पहिली फेरी जमुनाबाईंनी या दोघांना दिली. बळवंतराव "नको, माझं वय काय" म्हणत निळ्या घोड्यावर बसले आणि दुसऱ्याच फेऱ्यात त्यांना गरगरलं. सुमंगलाबाई मात्र उतरायला तयार होईनात.

"पुढचा मेळा सरदारपूरला," जमुनाबाई खालून ओरडल्या. "घोडे तुमच्याच गाडीत येतील. पण गाडी सुमंगलाबाईच चालवणार."

"आणि मी?" बळवंतरावांनी घोड्याची मान धरून विचारलं.

"तुम्ही कर्णा सांभाळा."

सुमंगलाबाईंनी लगाम ओढला आणि बोटानं खूण केली, अजून एक फेरी.