अखनागारच्या भिंतीजवळचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. स्कॉटलंडच्या डोंगरांतल्या अखनागार या वस्तीत, ओढ्याकाठच्या बुटक्या भिंतीपाशी माझे घर आहे. ओढ्याने मला गुळगुळीत केले आणि वस्तीने मला काम दिले.

काम साधे होते. जो तरुण मला उचलून भिंतीवर ठेवील, तो पुरुषांत मोजला जाई. मग त्याला टेकडीपलीकडच्या दफनभूमीपर्यंत शवपेटीला खांदा देता येई. ज्यांना जमत नसे त्यांची थट्टा व्हायची, पण संध्याकाळी ओटच्या गरम रोट्या त्यांनाही मिळायच्या. मी फार लाडात वाढलो.

पुढे जमीनदाराला मेंढ्यांसाठी रान हवे झाले. कित्येक कुटुंबे जहाजात बसून कॅनडाला गेली. उरलेल्या घरांतली मुले महायुद्धाने नेली. माझ्या अंगावर शेवाळ चढले, मेंढ्या येऊन पाठ घासू लागल्या. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

त्याच युद्धाच्या हिवाळ्यात म्हातारा मेंढपाळ टॉर्क्विल वारला. बर्फाने रस्ता बंद झाला होता. पेटी खांद्यावरूनच न्यायची होती आणि खांदेकरी सहा लागत. मला उचललेले मात्र दोनच पुरुष गावात उरले होते, मर्डो आणि हेक्टर. दोघेही म्हातारे.

"बर्फ वितळेपर्यंत थांबू या, वहिनी," मर्डो माझ्यापाशी उभा राहून टॉर्क्विलच्या बायकोला म्हणाला. "रीत मोडता येत नाही."

"त्याला आईशेजारी ठेवीन म्हणून शब्द दिलाय मी," डोलिना म्हणाली. "पडवीत किती दिवस ठेवू त्याला?"

गावात पत्रे वाटणारी धिप्पाड एफी पुढे आली. "रीत म्हणजे काय? दगड भिंतीवर ठेवायचा, एवढंच ना?"

"एकट्याने," मर्डो म्हणाला.

"असं दगडानं सांगितलं तुला? आणि पेटी तू एकटा नेतोस वाटतं?"

हेक्टर मिशीत हसला. "दे आता उत्तर."

एफीने गावातल्या आणखी तिघी बायकांना हाक मारली. चौघींनी मला धरले. मी निसटलो आणि एफीच्या बुटावर आदळलो. तिने मला जे काही सुनावले, ते पाद्रीबाबांनी ऐकले नाही हे बरे. पुन्हा हात लागले आणि मी भिंतीवर बसलो. डोलिना माझ्यावर तळवा ठेवून रडली.

मर्डोने मला बराच वेळ न्याहाळले. मग म्हणाला, "एफी, पुढची बाजू तू घे. माझा गुडघा दुखतोय."

टॉर्क्विल त्याच दिवशी आईशेजारी गेला. आजवर मला पुष्कळांनी उचलले, पण त्या चौघींचे उपकार मी विसरलेलो नाही. त्यांनी मला पुन्हा गावाच्या कामाला लावले.

आता वस्तीत मोजकीच घरे आहेत. सुट्टीत मुले येतात आणि एकेकटी माझ्याशी झुंजतात. मित्रांनो, जमले नाही तर लाजून निघून जाऊ नका. शेजारच्याला हाक मारा. तोवर मी इथेच आहे, भिंतीखाली.