नंदिनीच्या नावावर माझं प्रेशर

आमच्या घरी नवी वस्तू आली की ती आधी माझ्या हाती येते. कुकरची पहिली शिट्टी मी काढली, कूलरसमोर आधी मी झोपली. म्हणून गावची आशाताई, करिश्मा, बीपी मोजायचं प्रेशरचं नवं मशीन घेऊन ओट्यावर बसली, तेव्हा मी माझा हात पुढं केला.

"काकू, हे गर्भारणीचं हाये. आकडा आपोआप मोबाईलात जाते, नंदिनीच्या नावावर."

"नंदिनी कोणाची सून? लाव पट्टा."

नंदिनीला आठवा महिना होता. माझं ते वय गेलं. पट्टा फुगला, सुटला. मोबाईल हिरवा झाला आणि त्यातली बाई गोड आवाजात बोलली, "आई आणि बाळ सुखरूप आहेत." बाई समजदार वाटली.

मग नंदिनीचा हात. करिश्मानं पट्टा काढून पुन्हा लावला. तिचा चेहरा उतरला.

"लय वाढलं हाये. नंदिनी, डोकं दुखते काय?"

"सकाळपासून. अन् आई मले दोन-दोन दिसून राह्यल्या."

"एक पुरत नाई काय तुले?" मी म्हटलं.

करिश्मा हसली नाही. मला बाजूला नेऊन म्हणाली, "काकू, अशात झटके येतात. बाई अन् बाळ, दोघंही जातात."

माझा पोरगा मिथुन मोटारसायकल घेऊन सिमेंट कंपनीत ड्युटीवर. जिवतीच्या दवाखान्याकडं जाणारी एसटी निघून गेलेली. करिश्मानं दवाखान्याच्या गाडीसाठी फोन लावला.

"पेशंट तर हिरवा दिसून राह्यला," तिकडचा माणूस म्हणाला. "एका दिवशी एकच आकडा चालते. पहिला खोडा, कारण लिहा. लाल आला का गाडी काढतो."

"मशीन खराब, असं लिही," मी करिश्माला म्हटलं.

"मंग दुसरा आकडाबी खराब मशीनचाच धरतील. गाडी कुठून येईल?"

"पट्टा सैल होता म्हण."

"तेच होईल, काकू."

नंदिनी ओट्याच्या खांबाला टेकून डोळे मिटून बसली होती. एरवी माझ्या एका शब्दाला तिचे चार असतात. आता एकही नव्हता.

"लिही," मी म्हटलं. "सासू आडवी आली."

"असंच लिहू? हे वरचे साहेबलोक वाचतात."

"वाचू दे. अन् नाव पूर्ण टाक. अर्धं टाकलं तं दुसऱ्याच सासूवर जाईल."

फोनवरच्या माणसानं मोठ्यानं वाचलं. "सासू आडवी आली. भागीरथा लटारू निकोडे. बरोबर?"

"बरोबर."

कुंपणापलीकडं शेजारणी धान्य निवडायला सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. नंदिनीचा आकडा गेला आणि मोबाईल लाल झाला.

गाडी आली. घाटात नंदिनीनं माझा हात धरला तो दवाखान्यापर्यंत सोडला नाही. तिथं सुई दिली, गोळ्या दिल्या, बाळाचे ठोके ऐकले. डॉक्टरीणबाई म्हणाली, "ठोके चांगले आहेत. पण बाळंत होईपर्यंत घरी नेऊ नका."

"घरी कोण नेऊन राह्यलं?" मी म्हटलं.

संध्याकाळी नंदिनीचं डोकं दुखायचं थांबलं, डोळा लागला. तिच्या नडगीवर सूज होती. बोटानं दाबून पाहिलं तर खड्डा पडला. मी बोट उचललं आणि तो भरेपर्यंत पाहत बसली.